स्वरांकित सुरी : हेतुनिश्चितीचा एक प्रश्न

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात सोळाव्या शतकातील एक इटालियन सुरी आहे. मूठ हस्तिदंती, पाते रुंद व पोलादी, आणि त्यावर स्वरलिपी कोरलेली. अलंकरण पाहून तिला केवळ शोभेची वस्तू ठरविणे सोपे आहे. परंतु पात्यावरील मजकूर निराळी साक्ष देतो. एका बाजूस भोजनापूर्वीची लॅटिन प्रार्थना आहे, दुसऱ्या बाजूस भोजनोत्तर कृतज्ञतेची. अर्थात भोजनविधीशी तिचा संबंध उघड आहे. शिवाय पात्यावर बहुस्वरी रचनेतील एकाच आवाजाची स्वरावली आहे. एका आवाजाने अशी रचना पूर्ण होत नाही. तेव्हा ही सुरी मुळात संचातील असली पाहिजे, हे अनुमान अटळ ठरते. अशा आणखी काही सुऱ्या अन्य संग्रहांत आढळतात, त्यांवर निरनिराळे आवाज अंकित आहेत, ही गोष्ट त्यास पुष्टी देते.

रुंद पाते मांसाचे काप वाढण्यास सोयीचे, हे खरे. मात्र मांसरसाने माखलेल्या पात्यावरील स्वर वाचावे कसे? म्हणून केवळ आकारावरून उपयोग ठरविणे धोक्याचे होय. संचापासून दुरावलेली वस्तू आपला हेतू अर्धाच सांगते. उरलेला अर्धा तिच्या सोबतिणींकडे शोधावा लागतो.