मंगळावरच्या हेलिकॉप्टरला मोबाईलची चिप का दिली?

आजची गोष्ट एका प्रोसेसरच्या निवडीची. कॅमेऱ्याने बघून स्वतःची वाट काढणारं यंत्र बनवायचं म्हटलं की पहिला वाद ठरलेला: भरवशाची पण संथ चिप घ्यायची, की वेगवान पण नाजूक? नासाने हा वाद कसा सोडवला, ते बघू.

1997 मध्ये मंगळावर उतरलेल्या सोजर्नर रोव्हरमध्ये इंटेलची 80सी85 होती, 2 मेगाहर्ट्‌झची. 2004 साली स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी उतरले ते रॅड6000 घेऊन, वेग 20 मेगाहर्ट्‌झ. किरणोत्सर्ग सोसावा म्हणून खास घडवलेली ही चिप. हे रोव्हर आधीचे आणि नंतरचे फोटो ताडून बघायचे आणि आपण खरंच पुढे सरकलो, की चाकं नुसतीच वाळूत फिरली, हे ओळखायचे. फक्त त्या एका हिशेबाला जवळजवळ 3 मिनिटं लागायची. रोव्हरला ते चालतं. तो थांबतो, विचार करतो, मग निघतो.

हेलिकॉप्टरला हवेत 3 मिनिटं विचार करत बसता येत नाही ना! इंजेन्युइटीचं वजन अवघं 1.8 किलो. मंगळाची हवा पृथ्वीच्या जेमतेम 1 टक्का दाट, म्हणून पाती मिनिटाला सुमारे 2400 फेरे घेणार. पृथ्वीवरून सिग्नल पोचायलाच काही मिनिटं, म्हणजे इथे बसून उडवायचा प्रश्नच नाही. खालच्या जमिनीकडे बघणारा कृष्णधवल कॅमेरा सेकंदाला 30 चित्रं देणार आणि ती तेवढ्याच वेगाने वाचायला हवीत. सोबतच्या पर्सिव्हरन्स रोव्हरची रॅड750 जास्तीत जास्त 200 मेगाहर्ट्‌झची. म्हणून इंजिनिअरांनी निवडली स्नॅपड्रॅगन 801. हो, अँड्रॉइड फोनमधलीच! चार कोअर, 2.26 गिगाहर्ट्‌झ, वर लिनक्स.

मला इथे कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्यांनी सगळा भार या एका चिपवर टाकला नाही. चित्रं वाचायचं काम स्नॅपड्रॅगनचं. उड्डाण सांभाळायला मोटारगाड्यांच्या सुरक्षा यंत्रणांसाठी बनवलेले दोन टीएमएस570 मायक्रोकंट्रोलर. त्या प्रत्येकात दोन कोअर एकच हिशेब करून उत्तरं ताडून बघतात. आणि या सगळ्यांवर देखरेख करायला किरणोत्सर्गाला तोंड देणारी एक एफपीजीए. एक कंट्रोलर गडबडला तर ती दुसऱ्याकडे सूत्रं देणार.

परीक्षा झाली 22 मे 2021 ला, सहाव्या उड्डाणात. साधारण 54व्या सेकंदाला कॅमेऱ्याचं एक चित्र हरवलं. एकच! पण पुढच्या प्रत्येक चित्रावर चुकीची वेळ पडू लागली. यंत्राला वाटे आपण इथे आहोत, चित्र सांगे तिथे. हेलिकॉप्टर 20 अंशांहून जास्त झोकांड्या खाऊ लागलं, तरी ठरलेल्या जागेपासून सुमारे 5 मीटरच्या आत सुखरूप उतरलं. कारण नियंत्रणात भरपूर मोकळीक ठेवलेली होती आणि उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याचं ऐकायचंच नाही, असं आधीच ठरलं होतं. चिप कितीही वेगवान असली, तरी चित्रावरची वेळ चुकली की तिचा हिशेबही चुकतो.

योजना होती 5 उड्डाणांची, झाली 72. शेवटचं 18 जानेवारी 2024 ला. तेव्हा खाली होते एकसारखे वाळूचे पट्टे. नासाच्या तपासानुसार, ओळखीची खूण कॅमेऱ्याला सापडली नाही, वेगाचा अंदाज चुकला आणि बहुधा तसंच जोरात टेकल्याने पाती तुटली. घात झाला तो दिसण्यासारखं काही नसल्यामुळे.

म्हणून कुणी मला विचारलं, "कॅमेऱ्यासाठी कुठला प्रोसेसर घेऊ?" तर मी आधी उलट तीन प्रश्न विचारतो. उत्तर किती वेळात हवंय? चित्र हरवलं तर यंत्र काय करेल? आणि कॅमेऱ्याला समोर काहीच ओळखू आलं नाही तर? चिपचं नाव त्यानंतर.