पॉइंट टू टूचे ‘किट’ म्हणजे काय? ते किती टिकते आणि आंबोलीच्या शेतकऱ्याच्या कामाचे आहे का?

आंबोली : मोबाईलवर बंदुकीचा एक व्हिडीओ बघितला की मागून दहा येतात. त्यातला एक प्रकार असा : पिस्तुलाचा वरचा भाग काढायचा, डब्यातला दुसरा भाग त्यावर बसवायचा, आणि तेच पिस्तूल आता बारीक, स्वस्त .२२ ची गोळी मारते. परदेशात याला ‘कन्व्हर्जन किट’ म्हणतात. आंबोली, चौकुळ, गेळे या भागात शेतात गवे उतरतात, रानडुकरं नाचणी-भात लोळवतात, केलडी काजू-फणस ठेवत नाहीत. अशा ठिकाणी शेतीसंरक्षणाची बंदूक असलेल्या माणसाच्या मनात येणारच, की असं काही आपल्याला मिळेल का?

उत्तर आधीच सांगतो. हे किट चांदमारीच्या सरावासाठी आहे, शेत राखायला नाही. नीट वापरलं तर ते चालतं आणि बरंच टिकतं. पण आपल्या कायद्यात ते ‘सुटा भाग’ नाही, हत्यारच आहे. परवान्याशिवाय मागवलं तर तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते.

गोळीतला फरक

ठासणीची बंदूक वापरणाऱ्याला केप माहीत असते. घोडा केपवर पडतो, ठिणगी उडते, दारू पेटते. मोठ्या काडतुसात हीच केप बुडाला मधोमध बसवलेली असते. .२२ च्या गोळीत वेगळी केप नसतेच. पेटणारा मसाला बुडाच्या पोकळ काठात भरलेला असतो आणि पिस्तुलाची पिन त्या काठाला चेपते. म्हणून या जातीला ‘रिमफायर’ म्हणतात, म्हणजे काठावर पेटणारी. आज जगभर चालणारी .२२ लाँग रायफल ही गोळी १८८७ साली अमेरिकेत निघाली.

तिचा स्वस्तपणा आणि तिचा दोष, दोन्ही या काठातच आहेत. मसाला ओला असताना पितळी टोपी गरगर फिरवून तो काठात पसरवतात. कुठे कमी पसरला आणि पिन नेमकी तिथेच पडली, तर गोळी ‘फुसकी’ जाते. काठ चेपला जावा म्हणून टोपीचं पितळ पातळ ठेवावं लागतं, त्यामुळे आत जास्त दाब चालत नाही. गोळीचं वजन साधारण २.६ ग्रॅम. ९ मि.मी. पिस्तुलाची गोळी साडेसात-आठ ग्रॅमची. म्हणजे .२२ तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी.

आता अडचण कळेल. मोठ्या पिस्तुलात गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा लोखंडी भाग, म्हणजे स्लाइड, मागे जातो, रिकामी टोपी बाहेर टाकतो आणि पुढची गोळी आत घेतो. .२२ च्या धक्क्यात तेवढा जोरच नाही. जड स्लाइड जागची हलत नाही.

अमेरिकेतल्या लष्कराची काटकसर

हा प्रश्न कोल्ट कंपनीने १९३० च्या दशकात सोडवला. लष्कराचं पिस्तूल .४५ चं. त्याच्या गोळ्या महाग, आणि शिपायाला नेम शिकवायचा तर त्या शेकड्याने उडवाव्या लागत. तेव्हा डेव्हिड विल्यम्स नावाच्या कारागिराने नळीच्या मागच्या तोंडात थोडा सरकणारा तुकडा बसवला. गोळीचा वायू त्या तुकड्यावर दाबतो, तुकडा स्लाइडला ढुशी देतो आणि जड स्लाइडही मागे जाते. (हा विल्यम्स नॉर्थ कॅरोलिनातल्या तुरुंगात शिक्षा भोगताना तिथल्या लोहारशाळेत बंदुकांची कामं शिकला. डोकं कुठे चालेल सांगता येत नाही.) १९३८ मध्ये कोल्टने .४५ च्या पिस्तुलावर बसणारं .२२ चं किट बाजारात आणलं.

युक्ती हुशारीची, पण त्या सरकत्या तुकड्याभोवती शिसं आणि काजळी साचायची, तुकडा अडकायचा, आणि सतत साफ करत बसावं लागायचं. पुढच्या कारखान्यांनी सोपी वाट धरली : स्लाइडच हलकी करायची. आजची बरीच किटं अशीच आहेत. अॅल्युमिनियमची हलकी स्लाइड, .२२ ची नळी, मऊ स्प्रिंग आणि वेगळं मॅगझिन. खालचा दस्ता आणि चाप मूळ पिस्तुलाचा तसाच राहतो. फायदा तोच. हातात तेच पिस्तूल, तोच चाप, फक्त गोळी स्वस्त.

भरवसा किती?

मूळ पिस्तुलाएवढा नाही, आणि यात बनवणाऱ्याची चूक फारशी नाही. फुसकी गोळी निघणं हा .२२ चा स्वभावच आहे. त्यात ही यंत्रणा थोडक्या जोरावर चालते, म्हणून गोळी जरा मंद निघाली की स्लाइड अर्ध्यावर थांबते आणि रिकामी टोपी दारात अडकते. अनेक किटांसोबत कारखाना सांगतो, की जास्त वेगाचीच गोळी वापरा. ते ऐकलं नाही तर दोष किटाचा नसतो.

दुसरी कटकट मॅगझिनची. काठाच्या गोळ्या एकावर एक भरताना वरच्या गोळीचा काठ खालच्या गोळीच्या मागे गेला की दोन्ही अडकतात. तिसरी कटकट मेणाची. .२२ च्या शिशावर मेणासारखा थर असतो. तो, शिशाचा कीस आणि न जळलेली दारू मिळून चिकट राप धरतो. मोठ्या पिस्तुलात असा राप खपून जातो. इथे काहीशे गोळ्या झाल्या की साफसफाई आलीच.

जीव वाचवण्यासाठी पिस्तूल बाळगणारा म्हणूनच त्यात .२२ चं किट ठेवत नाही. सरावात गोळी अडकली तर काढता येते. अंगावर कोणी आल्यावर तेवढा वेळ मिळत नाही.

टिकाऊपणा

इथे मात्र .२२ चांगली निघते. दाब कमी, गोळी मऊ शिशाची. त्यामुळे नळी झिजायला हजारो, नीट ठेवली तर दसहजारो गोळ्या लागतात. झिजतात ते बाकीचे भाग. अॅल्युमिनियमची स्लाइड पोलादी खाचेवर घासून खराब होते, स्प्रिंग ढिली पडते, रिकामी टोपी ओढणारा आकडा बोथट होतो. स्वस्त किटात काही भाग जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात. ते वाकत नाहीत, थेट तडकतात. चेक कंपनी सीझेडच्या ‘कॅडेट’ किटात स्लाइड पोलादाची आहे.

आणखी एक. गोळी न भरता चाप ओढायची खोड पुष्कळांना असते. रिमफायरमध्ये मध्ये गोळीचा काठ नसेल तर पिन नळीच्या कडेवर आपटू शकते. तिथे खळगी पडली की मग चांगली गोळीसुद्धा नीट बसत नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘शस्त्र’ म्हणजे शस्त्राचे भागही आले. नळी आणि स्लाइड असलेलं किट बाहेरून मागवणं म्हणजे परवान्याशिवाय शस्त्र आयात करणं. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६ मध्ये आणखी भर पडली : एका प्रकारच्या बंदुकीचं परवान्याशिवाय दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणंही गुन्हा. या रूपांतराची शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आणि दंड. शिवाय ही किटं ज्या ९ मि.मी. च्या पिस्तुलांवर बसतात, ती पिस्तुलं आपल्याकडे सामान्य माणसाच्या परवान्यावर मिळतच नाहीत. ‘लायसन नको, घरपोच’ अशी जाहिरात आली तर एक तर पैसे जातील, नाही तर पार्सलसोबत पोलीस येतील. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा.

शेतीसंरक्षणाचं कलम १३ वेगळं आहे. त्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक धरलेली आहे. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. .२२ ची आटे पाडलेली नळी यात बसत नाही. आणि परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नाही. गवा पहिल्या अनुसूचीत आहे, रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते.

सगळ्यात धोक्याचा उद्योग म्हणजे ठासणीच्या बंदुकीला काडतुसाची करून घेणं. ती नळी काळ्या दारूच्या दाबासाठी बनलेली. आजच्या काडतुसाचा दाब तिला झेपेलच असं नाही. फुटली तर डोळे आणि डावा हात जातो.

आंबोलीच्या पावसात आहे ती बंदूक टिकवा

इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. चार महिने भिंतीसुद्धा घाम धरतात. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि नळी आतून गंजते. म्हणून बार काढला की त्याच दिवशी, बंदूक भरलेली नाही याची खात्री करून, नळी गरम पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, मग तेलाचा पातळ हात द्या. चामड्याच्या किंवा कापडी खोळीत बंद करून पावसाळाभर ठेवू नका, खोळ ओल धरते. उन्हाळ्यात न वापरलेल्या नळीत कुंभारमाशी घर करते. नळी बुजलेली असताना बार काढला तर ती फुटते. भरण्याआधी नळी मोकळी आहे का, हे दर वेळी बघाच.

बार उडाला नाही तर तोंड मोकळ्या दिशेलाच धरून किमान एक मिनिट थांबा. दमट दारू उशिरा पेटते. लगेच आत डोकावणारे डोळे गमावून बसलेले आहेत.

निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितली तर देण्याआधी साफ करून तेल लावा आणि नंबरासकट पावती घ्या. परत मिळाल्यावर पहिलं काम नळी बघायचं.

.२२ शिकायचीच असेल तर

आजऱ्यावरून पुढे गेलं की कोल्हापूर. तिथल्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसहून ५० मीटर रायफलचं ऑलिम्पिक कांस्य घेऊन आला. दोन्ही प्रकार .२२ चेच, पण हत्यारं मुळातच .२२ साठी बनवलेली, किट बसवलेली नव्हेत. गावातल्या मुला-मुलीला यात उतरायचं असेल तर सुरुवात १० मीटरच्या एअर पिस्तूल किंवा एअर रायफलने होते. त्यासाठी नोंदणी असलेल्या रायफल क्लबात नाव घालावं लागतं. स्वतःच्या नावावर .२२ चा परवाना वयाच्या २१ नंतर.