एकाच ओल्या कातळावरचे दोघे

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्याकाठी पहाटे आपण थांबलो, तर माणसाने घातल्यासारखी, मध्येच सूर भरकटणारी शीळ ऐकू येते. हा शीळकरी कस्तूर. इंग्रजांनी त्याला 'शीळ घालणारा शाळकरी पोरगा' म्हटले. शिक्षकांना ते पटावे! त्याच कातळावर चपटी, हिरवी यकृतका पसरलेली असते. तिच्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

वर्गीकरणाच्या इतिहासात दोघांच्याही जागा बदलल्या. यकृतासारखा आकार, म्हणून यकृतविकारावर औषध, अशी युरोपात जुनी समजूत होती. नाव तिथूनच आले. लिनियसने १७५३ साली मर्केंशिया ही यकृतका चक्क शैवलांत बसवली. त्यात नवल नाही, कारण फुले नसलेल्या वनस्पतींचे प्रजनन तेव्हा कोडेच होते. ते हेडविगच्या सूक्ष्मदर्शकाने उलगडू लागले आणि १८५१ साली हॉफमाइस्टरने पिढ्यांचे एकांतरण दाखवल्यावर यकृतका, मॉस व नेचे यांचे नाते स्पष्ट झाले. भारतात शिवराम कश्यप यांनी १९२९ साली पश्चिम हिमालय व पंजाबच्या यकृतकांवर ग्रंथ लिहिला. कस्तुराला व्हिगर्सने १८३१ साली शास्त्रीय नाव दिले. तो दीर्घकाळ कस्तूर कुलात होता. डीएनएच्या तुलनेनंतर माशीमारांच्या कुलात गेला. मराठी नाव अर्थातच बदलले नाही.

दोघांनाही ओल हवी, पण कारणे वेगळी. कस्तूर ओढ्यातले खेकडे, गोगलगायी, किडे टिपतो आणि कातळाच्या कपारीत घरटे बांधतो. मर्केंशियाला खरी मुळे नाहीत, अंगावरची हवेची छिद्रे मिटता येत नाहीत आणि तिची नर पेशी पाण्यातून पोहतच अंडपेशीकडे पोचते. पाण्याचा पातळ थर नसेल, तर पुढची पिढी अडते.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने कावळ्यासारखे अपवाद सोडून बहुतेक पक्ष्यांना संरक्षण दिले. वनस्पती त्यात आल्या १९९१ मध्ये, त्याही अवघ्या सहा नोंदी: ऑर्किड, सायकस, घटपर्णी वगैरे. यकृतका एकही नाही. तिला आधार फक्त जागेचा. कास, कोयना, चांदोली, राधानगरी ही ठिकाणे २०१२ साली जागतिक वारशात गेली. तिथला कातळ राहिला, तर तीही राहते. या हद्दींबाहेर रस्ता रुंद करताना ओढ्याकाठचा कातळ फुटला, की कस्तूर दुसऱ्या ओढ्यावर उडून जातो. यकृतका दगडाबरोबरच ट्रकमध्ये भरली जाते.