समईतील जस्त

हीरक महोत्सवाच्या प्रारंभी प्रज्वलित होणारी समई पितळेची असते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. यांपैकी जस्ताची कथा सोन्याहून मोलाची आहे, असे माझे मत. सोने दुर्मीळ खरे, परंतु ते नदीच्या वाळूतही धातुरूपातच सापडते. जस्ताचे खनिज तुलनेने विपुल असूनही धातू हाती लागणे महाकठीण. खनिजातून तो सुटण्यास सुमारे 1000 अंश सेल्सियस तापमान लागते आणि 907 अंशांनाच त्याची वाफ होते. वाफेस हवा लागली, की उरते केवळ पांढरी भुकटी.

उदयपूरजवळील जावरच्या कारागिरांनी ही वाफ पकडली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत खनिज भरून, तोंडाशी नळी बसवून ते मूस भट्टीत उलटी ठेवीत. आतील माल सांडू नये म्हणून नळीत काडी खोवलेली असे. ती जळाली, की वाफेला वाट मोकळी! वाफ खालच्या थंड कोठीत उतरून द्रवरूप होई. एका भट्टीत अशा 36 मुशी असत. 1983 साली तेथे अखंड भट्ट्या सापडल्या. त्या शोधकार्यात बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठही सहभागी होते.

ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याच्या रीतीचे पेटंट 1738 मध्ये घेतले. त्याचीही रीत वाफ खाली उतरविण्याचीच! हा निव्वळ योगायोग मानणे मला जड जाते.

जावरच्या त्या कारागिरांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. वापरून झालेल्या मुशींचे ढीग मात्र तेथे आहेत. त्याच मुशी रचून गावात घरांच्या भिंतीही उभारल्या गेल्या.