आमचं नाव कुठल्या यादीत?

7 मे 2024ला सुरतेत अर्ध्या शहराने मतदान केलं, अर्ध्याने नाही. कुणी आळस केला म्हणून नव्हे. सुरत लोकसभेत काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज सूचकांच्या सह्यांवरून बाद झाला, उरलेल्यांनी माघार घेतली आणि मुकेश दलाल 22 एप्रिललाच बिनविरोध खासदार झाले. माझी बहीण कतारगामला असते, तिला त्या दिवशी काही कामच नव्हतं. आम्ही लिंबायतचे, आमच्या बोटाला मात्र शाई लागली. लिंबायतची महापालिका सुरतेची, पाणीपट्टी सुरतेची, पण लोकसभेला आम्ही नवसारीचे.

आमच्या आबांना, म्हणजे आजोबांना, हे कळलं असतं तर ते हसले असते. 1972च्या दुष्काळानंतर ते अमळनेरकडून ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरले आणि लूमच्या खात्यात लागले. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. आपण तिथं एका फलाटावर राज्य बदललं, असं ते रंगवून सांगायचे. मत मात्र त्यांनी कधी बदललं नाही. ‘मन्हं नाव गावमाच ऱ्हाऊ दे,’ हा त्यांचा ठेका. कारण साधं होतं. लोकसभेला कोण येतो-जातो याचं त्यांना फारसं सोयरसुतक नव्हतं, पण ग्रामपंचायतीला भाऊबंदकीचा हिशेब असायचा. सरपंचपदाचा उमेदवार सुरतेला गाडी पाठवायचा. रात्रपाळी सुटली की चौकात नावं पुकारली जायची, नवापूरला चहा व्हायचा, सकाळी मत टाकून संध्याकाळी परत. ही पद्धत अजून बंद पडलेली नाही.

आबांचा दुसरा आवडता किस्सा मोरारजींचा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला गोळीबार झाला तेव्हा मोरारजी देसाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. गावच्या पारावर त्यांचं नाव निघालं की माणसं शिव्या घालत. इकडे सुरतेने त्याच माणसाला 1957पासून 1977पर्यंत सलग 5 वेळा लोकसभेवर पाठवलं, आणि सुरतेचा खासदार म्हणूनच ते पंतप्रधान झाले. 1977ला खात्याच्या शेठने पेढे वाटले. आबांनी पेढा खाल्ला, पण गावाकडे ते कुणाला सांगितलं नाही.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नाव सुरतेत नोंदवलं. ते पडलं चौर्यासी विधानसभेत. ही जागा म्हणजे एक अजब प्रकरण होतं. मतदारसंघांच्या रेघा 1971च्या जनगणनेवर आखलेल्या. पुढे शहराबाहेर उधना, पांडेसरा, डिंडोली फुगत गेलं आणि सगळा बोजा चौर्यासीवर पडला. 2007 साली तिथे पंधरा लाखांच्या वर मतदार होते, एका आमदाराला! काशीराम राणा 1989पासून 6 वेळा सुरतेचे खासदार, वाजपेयींच्या काळात वस्त्रोद्योगमंत्री. अण्णा सांगायचे की त्यांच्या सभेत लूमवाल्या मालकांची नावं घेतली जात, कामगारांची नाहीत. एवढ्या गर्दीत मराठी मत किती आणि कुठे, हे कुणी मोजायला बसलं नव्हतं.

2008च्या पुनर्रचनेत ही गर्दी तरी वाटली गेली. चौर्यासी फुटली, लिंबायत आणि उधना या नव्या जागा झाल्या, आणि नवसारी नावाचा नवा लोकसभा मतदारसंघ उभा राहिला. गंमत अशी की नवसारी 1949पर्यंत बडोद्याच्या गायकवाडांचा प्रांत, म्हणजे मराठी सत्ता तिथे आमच्या आधीच नांदून गेलेली. 2009 साली पहिले खासदार झाले सी. आर. पाटील. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले, एके काळचे पोलीस शिपाई. 2019 साली ते 6,89,668 मतांनी जिंकले, त्या वर्षीची देशातली सर्वांत मोठी आघाडी. 2024 साली ती 7,73,551 झाली आणि ते केंद्रात जलशक्ती मंत्री झाले. लिंबायतला संगीता पाटील 2012पासून सलग 3 वेळा आमदार.

म्हणून महाराष्ट्रातले नातेवाईक ‘तुमचा मराठी मतदारसंघ’ म्हणतात. मला ते पटत नाही. या मतदारसंघात मजुऱ्याचे व्यापारी आहेत, हजिऱ्याचे कारखाने आहेत, जलालपूरचे कोळी आहेत (दांडी याच तालुक्यात), नवसारीचे पारशी आणि गणदेवीचे आदिवासी आहेत. लिंबायतमध्येच खानदेशी घराशेजारी मुसलमान, ओडिया आणि उत्तर प्रदेशी घरं आहेत. सात लाखांची आघाडी एकट्या खानदेशी मतांवर होत नाही. ती पक्षाच्या बांधणीची आहे. आडनाव पाटील असलं तरी उमेदवार पक्षाचाच असतो. आणि ज्याला सात लाखांची उशी आहे, त्याला आपली गल्ली किती आठवणार, हेही ध्यानात ठेवावं. महापालिका अजून मराठी शाळा चालवते. त्या टिकवायच्या तर त्यांच्याबद्दल विचारणारा मतदार इथला असायला हवा.

पण डिंडोली-गोडादऱ्यात आजही निम्म्या पोरांची नावं गावच्या यादीत आहेत, कारण सरपंचाची गाडी येते. कायद्याने एका माणसाचं नाव एकाच यादीत राहू शकतं, तेव्हा कुठलं ते एकदा ठरवा. बिऱ्हाड इथं असेल तर नमुना 8 भरून नाव इथं आणा, आणि जनगणनेचा माणूस दारात आला की सगळं कुटुंब इथंच मोजून घ्या. पुढच्या रेघा त्याच आकड्यांवरून पडणार आहेत.