बिऱ्हाड बदलले, किल्ली जुनीच

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी होती, पण दाखल्यांचे दिवस म्हणून कचेरी उघडी होती. नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातून एक वृद्ध शेतकरी नातवाला घेऊन आले. त्यांना आपल्या वडिलांच्या शाळेतल्या नोंदीची नक्कल हवी होती. नातवासाठी जातीचा दाखला काढायचा होता आणि मुदत चार दिवसांवर आली होती.

"गुरुजी, आमच्या बाचं नाव तुमच्या कॉम्प्युटरात हाय म्हणत्यात," ते म्हणाले.

नाव होतेच. आमच्या शिक्षणसंस्थेने काही वर्षांपूर्वी सगळी जनरल रजिस्टरे संगणकात भरली होती. मोडीतली जुनी पाने देवनागरीत उतरवून घेतली होती. पण त्याच आठवड्यात मुख्य कचेरीतला सर्व्हर बंद पडला होता. आम्ही कोणी घाबरलो नव्हतो. कारण रोज रात्री बॅकअप निघतो, म्हणजे सगळ्याची प्रत आपोआप दुसरीकडे ठेवली जाते, हे आम्हांला पाठ होते.

प्रत मात्र सहा महिन्यांत एकदाही निघाली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवली, आणि प्रत काढणारे सॉफ्टवेअर जुनेच राहिले. नव्या आवृत्तीने त्याला ओळखच दिली नाही. रोज रात्री ते दारावरून परत जाई आणि तशी तक्रारीची चिठ्ठीही पाठवी. पण ती नोकरी सोडून गेलेल्या एका कारकुनाच्या पत्त्यावर!

मी मराठीचा मास्तर. हे असे का व्हावे, ते समजून घेण्यात माझी उरलेली सुट्टी गेली. जे कळले ते येथे मांडतो, कारण आज घरोघरचे कागद, सात-बारा आणि पासबुके अशाच यंत्रांच्या पोटात आहेत.

जुन्या वाड्यात एकाच छपराखाली पाचसात बिऱ्हाडे नांदत. प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळे. आड आणि जिना मात्र सामाईक. एका संगणकात असेच अनेक संगणक नांदवता येतात; त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कोणाला किती जागा, किती पाणी, हे ठरवणारा वाड्याचा मालक हेही एक सॉफ्टवेअरच. ही कल्पना आजकालची नव्हे. अमेरिकेतल्या केंब्रिज येथे आय.बी.एम.च्या केंद्रात १९६७ साली असे यंत्र चालू झाले, आणि १९७२ साली कंपनीने 'व्हीएम ३७०' ह्या नावाने ते जाहीर केले. त्या काळी यंत्रे फार महाग असत, म्हणून एकात अनेकांची सोय करावी लागे. पुढे १९९८ साली व्हीएमवेअर ही कंपनी निघाली, आणि २००१ पर्यंत साध्या सर्व्हरवरही वाडे उभे राहू लागले.

वाडा झाला तसा प्रती काढण्याचा प्रश्न आला. पूर्वी प्रत्येक खोलीत एकेक लेखनिक बसवीत. रात्री सगळे एकदम लिहू लागले की अख्खा वाडा धापा टाकी. म्हणून मालकाच्याच दारातून आत जाऊन सगळ्या बिऱ्हाडांची प्रत घ्यावी, अशी व्यवस्था निघाली. व्हीएमवेअरने असे एक दार २००६ साली दिले. २००९ साली त्याहून सोयीचे दार दिले, आणि कालपासून काय काय बदलले त्याची यादीही मालकच ठेवू लागला. लेखनिकाने यादी पाहावी आणि तेवढेच उतरवून घ्यावे. मग २०११ च्या आवृत्तीत ते पहिले दार बंद झाले. जुनी किल्ली घेऊन येणारे लेखनिक बाहेरच राहिले.

आमच्या संस्थेत झाले ते ह्याच जातीचे.

दार बंद झाले तर निदान कळते तरी. यादीच चुकली तर? २०१४ साली एक दोष उघडकीला आला. बिऱ्हाडाची जागा १२८ गिगाबाइटच्या पलीकडे वाढवली, की मालकाची यादी चुके. प्रत नीट निघाली असे लेखनिक सांगे, आणि आत पाने गहाळ असत. जोवर कोणी ती प्रत उघडून वाचत नाही, तोवर हे कळायचे कसे?

मग नवी आवृत्ती घ्यावीच कशाला, असे मीही विचारले. पण जुन्या आवृत्तीची देखभाल एक दिवस थांबते. व्हीएमवेअरच्या सातव्या आवृत्तीची ती ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. त्यानंतर चोरवाटा बुजवायला कोणी येत नाही. कधी वाडाच विकला जातो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनीच विकत घेतली, आणि अनेकांनी प्रॉक्समॉक्ससारखा दुसरा वाडा पाहायला सुरुवात केली. वीम ह्या प्रसिद्ध बॅकअप सॉफ्टवेअरला त्या वाड्यातून प्रती काढता येऊ लागल्या त्या २०२४ साली. बिऱ्हाड हलवताना लेखनिकाला नव्या घराची वाट ठाऊक आहे का, हे आधी विचारावे लागते ते ह्यासाठी.

आमच्या भागाला हा धडा नवा वाटू नये. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशाला सांगितली गेली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे प्रतींवरून प्रती झाल्या आणि पाठ बिघडत गेले. शके १५०६, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी अनेक प्रती समोर ठेवून ग्रंथ शुद्ध केला. प्रती तर पुष्कळ होत्या. कोणी तरी त्या उघडून एकमेकींशी ताडून पाहायला हव्या होत्या.

मोडीचे उलट झाले. प्रत शाबूत राहिली आणि वाचणारा गेला. छपाईला बाळबोध सोयीची पडली, शाळेतून मोडी उठली, आणि दप्तरे मुकी झाली. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा गावोगाव मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. कागद कपाटात होताच.

आता त्या आजोबांचे काय झाले ते सांगतो. कोठीतून कापडात बांधलेले मूळ रजिस्टर काढले. नोंद मोडीत. गावात ऐंशीकडे झुकलेले एक निवृत्त शिक्षक आहेत, वडिलांकडून मोडी शिकलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी भिंग लावून ओळ वाचली. आजोबांनी तीन वेळा वाचून घेतली. नक्कल मुदतीत मिळाली.

संगणकातले दप्तर उघडायला बारा दिवस लागले. नगरहून आलेल्या तंत्रज्ञाने अडगळीतल्या एका जुन्या यंत्रावर वाड्याची जुनी आवृत्ती पुन्हा उभी केली. मग कुठे जुन्या प्रतीने तोंड उघडले. अण्णांनी केले तेच ह्याने केले, असे मला वाटले. दिवाळीनंतरच्या नोंदी मात्र कोणत्याच प्रतीत नव्हत्या. आम्ही मास्तरांनी त्या जूनभर हाताने पुन्हा भरल्या.

आता कचेरीच्या भिंतीवर एक कागद लावला आहे. नवी आवृत्ती घेण्याआधी बॅकअपवाल्यांचा सुसंगतीचा तक्ता पाहावा. आधी लेखनिक नवा करावा, मग वाडा. तक्रारीची चिठ्ठी दोघांकडे जावी. आणि दर तिमाहीला एक प्रत खरोखर उघडून त्यातली एक नोंद मोठ्याने वाचावी.

ह्या दिवाळीच्या सुट्टीत ती पाळी माझी आहे. कोणती नोंद वाचायची ते ठरवून ठेवले आहे. आजोबांच्या बाची.