तीन दिवसांचा गुण, सतरा वर्षांचा धडा : स्टेरॉइड सोडण्याचा इतिहास

१/१२
कॉर्टिझोन या औषधाचा गुण जगाला दिसला तो अवघ्या काही दिवसांत. ते सुरक्षितपणे सोडायचे कसे, हे उमगायला मात्र सुमारे सतरा वर्षे लागली. आज स्टेरॉइडची मात्रा हळूहळू उतरवली जाते आणि त्या काळात रुग्णाचे अंग दुखते. त्या दुखण्याचा अर्थ वैद्यकशास्त्राला कसा कळत गेला, त्याचा हा इतिहास.

२/१२
अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर येथे मेयो क्लिनिक आहे. तेथील डॉ. फिलिप हेंच यांना १९२९ मध्ये एक विलक्षण गोष्ट दिसली. संधिवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याच्या सांध्यांचे दुखणे ओसरले. गर्भारपणातही अनेक स्त्रियांना असाच आराम पडे. हा आजार थोपवणारे एखादे द्रव्य शरीरच तयार करत असावे, असा तर्क हेंच यांनी बांधला.

३/१२
त्याच संस्थेत रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींतून एकेक संयुग वेगळे करत होते. या ग्रंथी मूत्रपिंडांच्या माथ्यावर असतात. त्यांतील ‘संयुग ई’ म्हणजेच पुढचे कॉर्टिझोन. १९४४ मध्ये मर्क कंपनीतील ल्यूइस सॅरेट यांनी ते बैलाच्या पित्तातील आम्लापासून प्रयोगशाळेत घडवले. पायऱ्या तीसहून अधिक; हाती येणारा माल अगदी थोडा.

४/१२
२१ सप्टेंबर १९४८. संधिवाताने जखडलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला पहिले इंजेक्शन दिले गेले. काही दिवसांतच तिचे सांधे मोकळे झाले आणि आठवड्याभरात ती बाजारात खरेदीला गेली. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल आणि बाझलचे टाडेउश राइखस्टाइन यांना विभागून मिळाले.

५/१२
परंतु औषध थांबताच दुखणे परतत होते. चालू ठेवावे, तर चेहरा गोल सुजे, रक्तातील साखर वाढे, मन थाऱ्यावर राहत नसे. शरीर रोज जेवढे संप्रेरक बनवते, त्याच्या कित्येक पट मात्रा बाहेरून दिली जात होती. त्यामुळे सुटका हवी आणि सुटकेची भीतीही, अशा कोंडीत रुग्ण आणि डॉक्टर दोघेही सापडले.

६/१२
यातील धोक्याची सूचना मेयोतच आधी मिळालेली होती. १९३७ मध्ये ड्वाइट इंगल आणि केंडॉल यांनी उंदरांना अधिवृक्क ग्रंथीचा अर्क मोठ्या प्रमाणात दिला, तेव्हा उंदरांच्या स्वतःच्या ग्रंथी आक्रसल्या. कारण साधे होते. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी रक्तातील संप्रेरकाचा अंदाज घेऊन अधिवृक्काला हुकूम सोडते. बाहेरून भरपूर पुरवठा होऊ लागला की हुकूम थांबतो आणि काम नसलेली ग्रंथी झिजते.

७/१२
माणसांत याची किंमत १९५२ मध्ये दिसली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात संधिवाताच्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. तो अनेक महिने कॉर्टिझोन घेत होता. शस्त्रक्रियेनंतर त्याचा रक्तदाब कोसळला तो सावरलाच नाही. शवविच्छेदनात अधिवृक्क ग्रंथी आक्रसलेल्या आढळल्या. संकटसमयी शरीराला लागणारे संप्रेरक त्या पुरवू शकल्या नव्हत्या.

८/१२
पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, हेंच यांचे सहकारी चार्ल्स स्लोकम यांनी दुसरा प्रश्न मांडला. मात्रा कमी करताना रुग्णांना थकवा येई, स्नायू आणि सांधे ठणकत, मन खालीवर होई. हे सगळे मूळ संधिवाताच्या उलटण्यासारखे भासे. त्यामुळे मात्रा पुन्हा वाढवण्याचा मोह होई आणि रुग्ण त्याच चक्रात फिरत राही. यातील काही दुखणे औषध सोडण्याचेच आहे, हे स्लोकम यांनी नोंदवले.

९/१२
१९६० मध्ये थॉमस ॲमाट्रुडा आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गुंता समोर आणला. काही रुग्णांच्या ग्रंथी तपासणीत ठीक होत्या. तरीही मळमळ, ग्लानी, अंगदुखी होतीच. म्हणजे तपासणी निर्दोष आली, म्हणून दुखणे काल्पनिक ठरत नव्हते. वाढीव मात्रेला सरावलेल्या शरीराला साधी, नैसर्गिक पातळीही अपुरी वाटत होती.

१०/१२
उपाय हळूहळू सापडले. १९५५ मध्ये कॉर्टिझोनहून प्रभावी असे प्रेडनिसोन बाजारात आले. १९६३ मध्ये बोस्टनच्या जॉर्ज थॉर्न यांच्या गटाने औषध दिवसाआड देण्याची पद्धत मांडली; मधल्या दिवशी शरीराच्या ग्रंथींना जागे राहण्याची संधी मिळावी, हा तिचा हेतू.

११/१२
१९६५ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठातील ग्रांट लिडल यांच्या गटाने ग्रंथी सावरण्याचे वेळापत्रकच मांडले. आधी पियुषिका जागी होते. तिचे हुकूम सुटू लागल्यावरही अधिवृक्क काही महिने मागेच राहते. पूर्ववत व्हायला ९ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. शेवटच्या लहानशा मात्रा उतरवताना सर्वांत जास्त धीर का लागतो, याचे उत्तर येथे मिळाले.

१२/१२
मात्रा उतरवताना होणारी वेदना तीन गोष्टी सांगू शकते : मूळ आजार परतला, शरीर सवय सोडत आहे, किंवा ग्रंथी अजून जागी झालेली नाही. नुसत्या दुखण्यावरून तिघांतला फरक रुग्णालाच काय, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणून सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणी होते, मात्रा टप्प्याटप्प्याने उतरते आणि औषध मनाने बंद करू नये असे बजावले जाते. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण सोबत एक कार्ड बाळगतात; अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी ते डॉक्टरांना सावध करते. १९५२ च्या त्या रुग्णाकडे असे काहीच नव्हते.